एक सर म्हणजे किती

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी तोंडात बोट घालणार नाही. बावीस वर्षं मी विज्ञान शिकवतो आहे आणि बावीस वर्षांत माझ्या रागाबद्दल शाळेत एकही तक्रार आलेली नाही. तक्रार करायला माझ्यासमोर येऊन उभं राहावं लागतं, हे त्याचं कारण असावं. ‘साधारण’ हा शब्द वापरणाऱ्यांचा मला विशेष राग येतो. पाणी किती घेतलं? साधारण अर्धं. अरे, कशाचं अर्धं? चंचुपात्राचं, बादलीचं, की विहिरीचं?

त्यामुळे यंदा वरून परिपत्रक आलं तेव्हा शिक्षकांच्या खोलीत आनंद झालेला मी एकटाच होतो. शेवटच्या वर्गाला विज्ञानाचे निम्मे गुण आता लेखी परीक्षेला नाहीत, प्रकल्पाला. मुलांनी तिघातिघांचे गट करायचे, आपल्या आजूबाजूचीच एखादी अडचण शोधायची, ती मोजायला उपकरण स्वतःच्या हातांनी बनवायचं, मोजमापं घ्यायची आणि वर्षाच्या शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे सगळं मांडायचं. विकत आणलेलं चालणार नाही, पुस्तकातून उतरवलेलं चालणार नाही, आईवडिलांनी करून दिलेलं तर मुळीच नाही. गणिताच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे आता मुलं खिळे ठोकणार आणि आपण त्यांच्या बोटांना पट्ट्या बांधणार." मी म्हणालो, "बांधू." प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांनी मात्र कपाटाची किल्ली खिशात टाकली. त्यांच्या कपाटात काही चंचुपात्रं अशी आहेत, की कारखान्यातून निघाल्यापासून त्यांना हवासुद्धा लागलेली नाही.

माझी मुलगी याच वर्गात. तिला पुढे उपकरणं बनवण्याचं शिक्षण घ्यायचं होतं. वजनकाटे, दाबमापक, असली कामं. ते जिथे शिकवतात तिथे प्रवेश मिळायला प्रकल्पात पहिली श्रेणी लागते. लेखी परीक्षेतले गुण तिथे कुणी विचारतही नाही. म्हणजे तिचं सगळं या एका प्रकल्पावर येऊन थांबलं होतं.

तिचं आणि माझं काय आहे, तेही इथेच सांगतो. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माझ्या वर्गात आली आणि तिसऱ्याच दिवशी भर तासाला हात वर करून तिने विचारलं, "बाबा, हे परीक्षेत येणार का?" वर्ग खो खो हसला. मुळात या प्रश्नानेच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, त्यात हे हसू. "कोण बाबा? इथे कुणी बाबा नाही. मला पुन्हा बाबा म्हणायचं नाही," असं मी म्हणालो. म्हणालो म्हणजे खालच्या मजल्यावरचा वर्ग उठून उभा राहिला. मुलगी माझीच. सूचना मिळाली की तंतोतंत पाळायची. त्या संध्याकाळी घरी जेवताना ती म्हणाली, "सर, पाणी द्या." मला वाटलं रुसली आहे, दोन दिवसांत विसरेल. दोन वर्षं झाली. माझ्या वाढदिवसाला "सर, शुभेच्छा." तापाने फणफणलेली असताना "सर, दिवा घालवा." मी सूचना मागे घेऊ शकलो असतो. पण मागे घेतलेली सूचना ही सूचनाच नव्हे, असं मी बावीस वर्षं वर्गात सांगत आलो आहे. तेव्हा आपणहून तिची चूक होईल आणि तोंडातून बाबा निघून जाईल, याची मी वाट बघत बसलो होतो. तिची चूक होत नाही.

तिच्या गटात आणखी दोघं होते. एक उंच, सरळसोट मुलगा, डोकं वरून जरा चपटं. त्याला सगळे खिळा म्हणतात. दुसरी एक मुलगी, जी सहसा तोंड उघडत नाही. तिचं नाव कुलूप पडलं आहे. तिघांनी प्रकल्पाचा कागद आणून दिला. विषय होता, ‘शालेय परिसरातील एका नियमित आवाजाचे मापन.’ मला वाटलं शाळेची घंटा. खाली उपकरणाची आकृती इतकी नेटकी काढली होती, की मी तीच बघत राहिलो आणि मार्गदर्शक म्हणून सही ठोकून दिली. वरच्या चार ओळी वाचायच्या राहिल्या.

उपकरण मात्र बघण्यासारखं झालं. तेल ओतायचं नरसाळं, त्याच्या मोठ्या तोंडावर ताणून बसवलेलं फुग्याचं रबर, त्या रबरावर मधोमध चिकटवलेली एक नळी आणि नळीच्या टोकाला केरसुणीची एक काडी. आवाज नरसाळ्यात शिरला की रबर थरथरतं, काडी हलते. काडीसमोर गोल फिरणारा कागद. तो फिरवायला त्यांनी भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचं यंत्र काढलं. आधी मिनिटकाट्याच्या जागी पत्र्याचा डबा लावला. वजनाने घड्याळ बंद पडलं. मग कागदी पेला लावला, तो फिरला. पेनाची निब कागदात अडकायला लागली, तेव्हा कुलूपने मेणबत्तीवर कागद धरून काजळी धरली आणि त्या काजळीवर काडीने ओरखडा काढायचं ठरवलं. तीन कागद जळले, खिळ्याची एक भुवई गेली. पंख्याच्या वाऱ्याने काडी हलते हे कळायला एक आठवडा गेला आणि मग सगळं बुटाच्या खोक्यात बसवलं. या काळात मी एकदाही ओरडलो नाही, असं मला वाटत होतं.

मोजमापांची वही मी महिन्याभराने उघडली. ‘खूप ओरडले.’ ‘थोडे ओरडले.’ तिसऱ्या ओळीत होतं, ‘साधारण ओरडले.’

"साधारण?" मी म्हणालो. "साधारण म्हणजे काय?"

तिघं वहीत बघू लागले.

"कोण ओरडलं ते मला नको. ज्याला ओरडायचं त्याने ओरडावं. पण साधारण ओरडलं म्हणजे किती? मोजमाप करताय की गप्पा मारताय? एकक पाहिजे. आणि एकक ठरवायचं तर आधी प्रमाण पाहिजे. प्रमाण म्हणजे काय? अशी वस्तू, जी आज आहे तशीच उद्या राहते आणि दहा वर्षांनीही राहते. ऊन पडो, थंडी पडो, बदलत नाही. आहे अशी एक तरी वस्तू या शाळेत?"

कुलूपने हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी मागे वळून पाहिलं. मागे फळा होता. "फळा?"

"फळा दर वर्षी रंगवतात, सर," खिळा म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मग जे व्हायचं ते झालं. माझ्या अंगाचा तिळपापड होत असताना मुलगी खोक्यात डोकं घालून शांतपणे म्हणाली, "सर, जरा हलू नका. वाचन चालू आहे."

मी तो प्रकल्प तिथल्या तिथे फाडू शकलो असतो. पण कागदावर माझी सही होती आणि पद्धत बरोबर होती. शिवाय चुकीच्या एककाने मोजलेला राग माझ्या मार्गदर्शनाखाली बाहेर जावा, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच फळ्यावर व्याख्या लिहून दिली. ‘तिसऱ्या तासाला, खिडक्या बंद असताना, उपकरणापासून बरोबर चार फुटांवर उभ्या असलेल्या सरांना "हे परीक्षेत येणार का?" असा प्रश्न एकदा विचारला असता जो राग निर्माण होतो, त्यास एक सर म्हणावे.’ आणि खाली माझा नेहमीचा नियम: एकदाचं वाचन धरायचं नाही, कमीत कमी तीन घ्यायची.

आम्ही नऊ घेतली. प्रश्न ठरवून विचारत होते, मला दिवस ठाऊक होता, वेळ ठाऊक होती, तरी राग खराखुरा यायचा. ओरखड्याची रुंदी सतरा मिलिमीटर. पुन्हा सतरा. पुन्हा सतरा. एकदा साडेसोळा आली, तेव्हा माझा घसा बसला होता. खोटं कशाला बोलू, मला चोरून अभिमान वाटला. माणूस म्हणून नव्हे, प्रमाण म्हणून.

एकक चांगलं असलं की पसरायला वेळ लागत नाही. गणिताच्या बाई शून्य पूर्णांक चार सर निघाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. खेळाचे शिक्षक शिट्टीसकट पाऊण. मुख्याध्यापिकाबाई फक्त एक दशांश, पण तो ओरखडा सकाळी सुरू झाला की शाळा सुटेपर्यंत थांबत नसे. पालकसभेत एक आई म्हणाली, "आमच्याकडे रोज अर्धा सर होतो, कधीकधी पाऊणपर्यंत जातं," आणि बाकीच्या आया माना हलवू लागल्या. घरी मी बायकोला विचारलं, "तुला काय वाटतं, एकक बरोबर आहे?" ती म्हणाली, "मला कशाला यंत्र लागतंय? कपाटातल्या बश्या किती वाजल्या त्यावरून मला कळतं."

मग मुख्याध्यापिकाबाईंनी परिपत्रक काढलं. हा प्रकल्प वर्षअखेरीच्या प्रदर्शनात शाळेच्या नावाने परीक्षकांपुढे मांडला जाणार असल्याने, प्रदर्शन होईपर्यंत सरांच्या स्वभावात कोणताही बदल होणार नाही याची सर्वांनी दक्षता घ्यावी. कुणीही त्यांची विनाकारण स्तुती करू नये. त्यांना आवडणारे विनोद सांगू नयेत. त्यांच्या चहात साखर पूर्वीइतकीच घालावी. बाईंनी मला बोलावून समजावलं, "सर, तुम्हीच सांगता ना, प्रमाण वजन रोजच्या बाजारात वापरत नाहीत. झिजतं. तुम्हालाही आम्ही असं कुठेही वापरू देणार नाही." माझे खालच्या वर्गांचे तास काढून घेण्यात आले. मोकळ्या वेळात मी रासायनिक तराजूच्या खोलीत बसायचं ठरलं. तिथे धूळ येत नाही, दोन पदरी दार आहे आणि तापमान फारसं बदलत नाही. काकांनी माझ्यासाठी स्टूल आणलं आणि बाजूला ओलावा शोषणाऱ्या पांढऱ्या खड्यांची बशी ठेवली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"तराजूलाही ठेवतो ना," काका म्हणाले.

रोजच्या वापरासाठी दुय्यम प्रमाण तयार केलं गेलं. खिळ्याला सरावाने बरोबर अर्धा सर ओरडता येऊ लागलं. दर सोमवारी त्याला माझ्या शेजारी उभा करून पडताळून घेत. खालच्या वर्गात कुणी दंगा केला की त्याला पाठवायचे. तो दारात उभा राहून अर्धा सर ओरडायचा, नम्रपणे दार लावायचा आणि परत यायचा. मुलं माझ्यापेक्षा त्याला जास्त भ्यायची, कारण त्याच्या चेहऱ्यावर राग नसायचा.

तराजूच्या खोलीत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून एके दिवशी मी त्यांची वही पहिल्यापासून वाचायला घेतली. मार्गदर्शकाने ती दर आठवड्याला वाचायची असते. मी दर आठवड्याला सही करत होतो.

वहीत रकाने होते. तारीख, ठिकाण, उगम, कारण, वाचन, शेरा. उगमाच्या रकान्यात पहिल्या ओळीत ‘सर’ लिहिलं होतं आणि त्याखाली पानंच्या पानं नुसत्या दोन-दोन छोट्या रेघा, वरीलप्रमाणे अशा अर्थाच्या. अक्षर माझ्या मुलीचं. ठिकाणाच्या रकान्यात मधूनमधून ‘घर’ असं होतं. मला हे ठाऊक नव्हतं. खोकं ती संध्याकाळी दप्तराबरोबर घरी आणायची आणि जेवणाच्या टेबलाखाली ठेवायची. मी त्याला बूट समजत होतो.

‘घर. उजेड कमी असल्याची तक्रार. पाऊण सर.’ ‘घर. चपला दारात. सव्वा सर.’ ‘घर. आईने साधारण म्हटले. दीड सर.’ ‘घर. मी हसले. एक सर.’ एका आठवड्यात ओळीने तीन दिवस होतं, ‘घर. कारण सापडले नाही. एक सर.’ आणि शेऱ्यात, ‘कारण शोधायचा प्रयत्न चालू आहे.’

मी बावीस वर्षं मुलांच्या वह्या तपासतो आहे. एका वहीपुढे मला रडू येईल असं कुणी सांगितलं असतं तर त्याला मी वर्गाबाहेर काढलं असतं. मी दोन पदरी दार लावून घेतलं आणि त्या पांढऱ्या खड्यांशेजारी बराच वेळ बसून राहिलो. मग ठरवलं, बस्स. यापुढे नाही.

राग न येणं मला वाटलं तेवढं अवघड गेलं नाही. घशाशी आला की मला टेबलाखालचं खोकं आठवायचं. पहिल्या सोमवारी माझं वाचन चौदा मिलिमीटर आलं. पुढच्या सोमवारी नऊ. त्याच्या पुढच्या सोमवारी प्रश्न विचारल्यावर मी म्हणालो, "येईल कदाचित, करून ठेवा," आणि काडीने काजळीला जेमतेम हात लावला.

शाळेची पाचावर धारण बसली. एक सर आता किती, हे कुणालाच सांगता येईना. खिळ्याचं अर्धं खरं की माझं पूर्ण खरं, यावर शिक्षकांच्या खोलीत वाद झाले. मला चिडवण्यासाठी माणसं राबू लागली. गणिताच्या बाई येताजाता "साधारण" म्हणायच्या. खेळाच्या शिक्षकांनी माझ्या तासाला खिडकीखाली ढोल वाजवायला लावला. शेवटी काका आले. हातात कागदात गुंडाळलेलं, कधीच न वापरलेलं चंचुपात्र. त्यांनी ते उलगडलं, माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि हात सोडला.

"असू दे, काका," मी म्हणालो. "लागलं तर नाही ना?"

काका खाली बसून काचा गोळा करता करता रडायला लागले.

प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो, हे कामही मी नवीनच धरलं होतं. मुलगी आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"सर, तुम्ही बदलताय."

"बदलतोय," मी म्हणालो. तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं.

"आत्ता नको होतं. आमची सगळी वाचनं तुमच्यावर उभी आहेत. प्रमाणच हललं तर बाकी सगळं काय धरून बसायचं? परीक्षक तिथे पडताळा मागणार. एकदा मागणारच."

"मग मी काय करू?"

"फक्त त्या दिवशी," ती म्हणाली. "एकदाच. सतरा मिलिमीटर. नंतर तुम्हाला हवं ते करा."

माझ्या हातात बशी होती. पाणी आणि दिवा सोडला तर दोन वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हणालो. चार दिवस तराजूच्या खोलीत बसून मी रागवायचा सराव केला. जुने अपमान आठवले, बढतीत डावललेला दिवस आठवला, दात-ओठ खाल्ले. आवाज निघायचा, पण पोकळ. काडी बरोबर ओळखायची. आठ मिलिमीटरच्या वर काही जाईना.

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात होतं. लांब टेबलं, प्रत्येकावर मुलांच्या हातचं काहीतरी. एका गटाने वर्गातल्या बाकांची करकर थांबवली होती, दुसऱ्याने नळाच्या गळतीवर चालणारं चाक केलं होतं. आमच्या टेबलावर खोकं, भिंतीला टांगलेले काजळीचे कागद आणि चार फुटांवर जमिनीवर खडूने काढलेली दोन पावलं. मी त्या पावलांत जाऊन उभा राहिलो. मुख्याध्यापिकाबाई मागे हात जोडून उभ्या होत्या. काका काचा गोळा करायला सुपली घेऊनच आले होते.

परीक्षक चष्मेवाले, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी खोकं उघडून पाहिलं, नळीला फुंकर मारली, वही चाळली. "कल्पना छान आहे," ते म्हणाले. "पण एक सर म्हणजे किती, ते आम्हाला दाखवा."

व्याख्येप्रमाणे प्रश्न विचारायचा होता. मुलगी माझ्यासमोर आली. खिळ्याने घड्याळ चालू केलं, कुलूपने काडी टेकवली.

"हे परीक्षेत येणार का?" मुलीने विचारलं.

तोच आवाज, तीच मान जरा तिरकी. फक्त वाक्याच्या सुरुवातीचा एक शब्द नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो होता आणि तो मीच काढून घेतला होता. मी छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून आलं, "येईल हं, बाळा."

काडी हललीच नाही. मुलीचा चेहरा पांढरा पडला. माझ्यामुळे ती सगळ्यांसमोर तोंडघशी पडली होती आणि या वेळी मी ओरडलोही नव्हतो.

परीक्षकांनी वही मिटली. "प्रमाण तर काही दाखवता आलं नाही. साधारण असं दिसतंय, की हे आकडे मुलीने घरी बसून लिहिलेले आहेत."

‘साधारण’ हा शब्द मला ऐकूच आला नाही. ते नंतर कुलूपने सांगितलं. मला फक्त शेवटचं ऐकू आलं.

"घरी बसूनच लिहिलेत," मी म्हणालो. "घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून, मी समोर ओरडत असताना लिहिलेत. दोनशे बारा वाचनं आहेत त्या वहीत. मी ओरडत होतो आणि ही तारीख टाकत होती. एकदाही हिने आकडा वाढवला नाही आणि माझी दया येऊन कमी केला नाही. कारण सापडलं नाही तर सापडलं नाही असं लिहिलंय. तुम्ही कधी लिहिलंत तसं? हिला खोटंच लिहायचं असतं, तर निदान वहीत तरी हिने स्वतःला बरा बाप लिहिला असता."

हे मी कसं म्हणालो ते मला सांगता येणार नाही. नळाच्या गळतीवरचं चाक थांबलं एवढं खरं. परीक्षकांच्या हातातली वही खाली पडली. शेजारच्या टेबलावरच्या मुली टेबलाखाली होत्या. खोक्यातून कट असा आवाज आला. केरसुणीची काडी काजळी खरवडत कागदाच्या कडेपर्यंत गेली होती आणि तिथून पुढे जायला जागा नसल्यामुळे मोडली होती.

"अडीच सर," खिळा हळूच म्हणाला. "आणि उरलेला कागदाबाहेर."

मुख्याध्यापिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "ठीक आहे," ते म्हणाले. "मी माझा शब्द मागे घेतो. प्रमाण आहे. बरंच आहे. लिहा तुमचं वाचन, मी श्रेणी देतो."

"नाही लिहिता येणार," मुलगी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मीही.

"हा पाचवा तास आहे. व्याख्या तिसऱ्या तासाची आहे. खिडक्या उघड्या आहेत. राग प्रश्नामुळे नाही, आरोपामुळे आला, आणि तो आरोपही सरांवर नव्हता. शिवाय एकदाचं वाचन धरत नाहीत. आज आमचं प्रमाण मिळालं नाही, एवढंच लिहावं लागेल."

बाईंनी कपाळाला हात लावला. मला तिला थांबवायचं होतं, पण नियम माझाच होता. तिने माझ्यादेखत वहीत लिहिलं, ‘पडताळा अयशस्वी.’ परीक्षकांनी वाकून ते दोन शब्द वाचले. मग आपल्या कागदावर काहीतरी लिहून ते पुढच्या टेबलाकडे गेले. टेबलाखालच्या मुली बाहेर आल्या.

निकाल आठवड्याने लागला. पहिली श्रेणी. शेजारी परीक्षकांचा शेरा होता: ‘उलट गेलेलं वाचन लपवलं नाही, सोयीचं वाचन स्वीकारलं नाही.’ मला तराजूच्या खोलीतून सोडण्यात आलं आणि खालच्या वर्गांचे तास परत मिळाले. खिळ्याचा अर्धा सर मात्र अजून चालतो. मूळ प्रमाण राहिलं नसलं तरी दुय्यम प्रमाण टिकून आहे आणि त्यावरच आता शाळेचं भागतं.

प्रकल्प संपला की वही मार्गदर्शकाच्या शेवटच्या सहीला येते. मुलीने ती संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवली आणि ती हात धुवायला आत गेली. मी शेवटचं पान काढलं. ‘पडताळा अयशस्वी’च्या खाली, पुष्कळ जागा सोडून, तिने आणखी एक ओळ लिहिली होती. तारीख, ठिकाण सभागृह. उगमाच्या रकान्यात या वेळी दोन रेघा नव्हत्या. तिथे पूर्ण शब्द लिहिला होता, ‘बाबा.’ कारण: ‘मी.’ वाचन: ‘कागदाबाहेर.’ आणि शेऱ्यात, ‘वाचन एकच आहे. अजून दोन घ्यावीत.’

ती ओळ मी तीन वेळा वाचली. मग खाली सही केली.